रिकाम्या ओटीचं नाटक

प्रिय मार्थावन्सं,

सगुणेचा सलाम घ्या. सगुणा म्हणजे तुमची वहिनी, तुमच्या थोरल्या भावाची बायको. ओळख करून दिलेली बरी, तुमच्या विसरण्याचा काही भरवसा नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई तुम्ही. चुलीवर दूध ठेवून कॅम्पात प्रार्थनेला निघून जायच्या आणि करपल्याचा वास चाळभर सुटला की मी शिव्या खायची. ते सगळं मी चालवून घेतलं. पण नाटकाचा शेवट सांगायचा विसरून थेट देवाघरी जायचं, याला काय म्हणावं?

म्हणून हे पत्र. सूनबाई म्हणाली, आत्याबाई, गेलेल्या माणसाला पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, मी कुठं लिहितेय, तू लिहितेस. मला अक्षर येत असतं तर तुला कशाला बसवलं असतं? ती आता गप्प लिहिते आहे. मधूनच माझे शब्द नीट करायला बघते, मी करू देत नाही.

उशिरा पिकणारा गरवा भात घरात आला की आपल्या ख्रिस्ती मंडळीची सुगीची उपकारस्तुती आहे, पिकासाठी देवाचे आभार मानायचा सण. त्या दिवशी देवळापुढं नाटक होणार, हे तुम्हीच पाळकसाहेबांना कबूल करून बसलात. आणि पावसाच्या तोंडाला ताप घेऊन लेकीकडे, सोफीकडे नगरला गेलात. जाताना मला काय म्हणालात? "वहिनी, पुढचं आल्यावर सांगते." आलात का?

आधी आपली काय मजा होती! दर नाताळाला तेच तीन राजे, माझ्याच लुगड्यांचे फेटे बांधलेले. तोच पत्र्याच्या तलवारीचा राजा, जो बोलायचं विसरला की तलवारच आपटायचा. टेबलावर उभा केलेला देवदूत एकदा मेंढपाळांच्या अंगावर पडला, तेव्हा लोक पहिल्यांदा मनापासून हसले. घरी येताना तुम्ही म्हणालात, वहिनी, आपल्या लोकांनी उंट कधी पाहिलाय का? आता इथल्या माणसांची नाटकं करू. शास्त्र तेच, माणसं बदलापूर-अंबरनाथची.

मग तुमची ती रीत सुरू झाली. नाटक कागदावर लिहायचं नाही. हातानं काम करत असलेल्या बायांना गोष्ट सांगायची. निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये पापड लाटणाऱ्या सिंधी बायांना, सोनिवलीला भाताची लावणी करणाऱ्यांना, आपल्या चाळीत तांदूळ निवडणाऱ्यांना. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले, की ते वाक्य नाटकात. हात चालूच राहिले, की तुम्ही कितीही गोड बोललेल्या असा, ते वाक्य गेलं. मला तेव्हा वाटायचं, ही बाई लोकांचं काम बिघडवायला निघाली आहे.

पहिलं नाटक आठवतं? एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन जावा, एक मी, एक तुम्ही. खरवईला अंगणात केलं, आणि तुम्ही इतकं मन लावून भांडलात की एक म्हातारी उठून मधे आली. दोघींचे हंडे काढून घेतले आणि म्हणाली, "पानी काय तुमच्या बापसानं आनलंय? बसा गप." मला वाटलं, नाटक बुडालं. तुम्ही मात्र तिच्या पाया पडलात. शेवटी आपसात माफी मागायचा जो लांब उपदेश तुम्ही रचला होता, तो तिथंच टाकून दिलात. पुढच्या प्रत्येक गावी एका म्हातारीला हंडे घ्यायला उठवायचं ठरलं. नवं नाटक असं जन्माला येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता या नाटकाचं ऐका. तुम्हाला निम्मं ठाऊक आहे, पण सोडून गेलेल्या माणसानं परत ऐकावं.

लाजवंतीची गोष्ट तुम्हीच घेऊन आलात. कॅम्पातल्या बराकीत राहणारी, पापड करणारी लाजवंती. देश सोडून येताना वाटेत नवरा गेला, पदरी दोन मुली. पहिल्या वर्षी भूक सोसेना म्हणून ती कापणी झालेल्या शेतात लोंब्या वेचायला गेली. आपल्या शास्त्रातली परकी सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, अगदी तशीच. पण हिचा शेतमालक तसला नव्हता. त्यानं हिला चोर म्हटलं आणि पदराची ओटी हिसडून सगळ्या लोंब्या मातीत पाडल्या. ही रिकाम्या पदरानं बराकीत परतली. त्या माणसाचं नाव तिनं आपल्याला कधी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणालात, नाटकात हिला न्याय द्यायचा. आणि कमाल म्हणजे लाजवंतीलाच ते काम करायला राजी केलंत. नाटकात शेतकरी ओटी उलटी करतो, तेवढ्यात त्याची म्हातारी आई भाकरी घेऊन बांधावर येते. ती म्हातारी मी. मी बांधावर येते, आणि पुढं? पुढं तुम्ही नगरला.

तुमची खबर आली तेव्हा तार हातात घेऊन तुमचा धाकटा भाऊ आला. याकोबभावजी. तुमच्या लाडानं बिघडलेले, आता मंडळीचे पंच. एक महिना दुःखात गेला. मग एक दिवस तेच म्हणाले, वहिनी, ताईचं नाटक पुरं करायला हवं. मला बरं वाटलं. पण शेवट त्यांनी स्वतःच बसवून आणला होता. शेतकऱ्याला पश्चात्ताप होतो, बाई प्रभूला शरण जाते, पाळकसाहेब रंगमंचावर येऊन बाप्तिस्मा देतात, सगळी मंडळी उभी राहून गाणं गाते. शेतकऱ्याचं काम तेच करणार होते, गाणंही तेच काढणार होते.

मी लाजवंतीला सांगायला कॅम्पात गेले. ती पापड लाटत होती. तिचं लाटणं काही थांबलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "सगुणाबाई, घर उधर छूटा, आदमी रास्ते में छूटा. एक अपना भगवान साथ लेके आई. अब नाटक में उसको भी छोडूं क्या?"

तिनं रागानं विचारलं असतं तर मी भांडले असते. तिनं साधंच विचारलं. मग म्हणाली, तुमचा शेवट तसाच असेल तर मी येत नाही, मार्थाबहेन माफ करील.

सांगा, करणार का माफ? तिच्या अंगावरून गेलेली गोष्ट घ्यायची आणि शेवटी तिलाच बाहेर ठेवायचं! पहिल्यांदा एका माणसानं तिचा पदर रिकामा केला. दुसऱ्यांदा आपण करणार होतो, आणि तेही टाळ्या घेऊन.

मी याकोबभावजींना घरी बोलावलं. चहा दिला, साखर जास्त घातली. ते म्हणाले, "वहिनी, शेवटी बाप्तिस्मा नसेल तर हे मसीही नाटक कसलं?"

मी म्हटलं, "भावजी, प्रभूनं भुकेल्या लोकांना जेवायला बसवलं, तेव्हा आधी कुणाचं कुळ विचारलं होतं का?"

ते म्हणाले, ती गोष्ट वेगळी. तुमच्या घराण्यात कुणाला उत्तर सुचलं नाही की गोष्ट वेगळी होते. शेवटी असं ठरलं की पाळकसाहेबांपुढं एकदा तालीम करून दाखवायची, तोवर मी माझा शेवट बसवायचा. नाही बसला तर भावजींचा.

बसतोय कुठं! मी भिंतीकडे बघून बोलले, बकरीला सांगितलं. रात्रंदिवस त्या म्हातारीला बांधावर उभी करून ठेवली, तिच्या तोंडून शब्द निघेना. मग डोक्यात आलं, अगं, मार्थावन्सं कधी घरात बसून शेवट शोधायच्या का?

खरवईला गेले. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी चालू होती. ती काशी आठवते ना, डोंगराकडच्या पाड्यावरून मजुरीला येणारी? तिच्या मागं मागं चालत गोष्ट सांगितली. आधी भावजींचा शेवट सांगितला, प्रामाणिकपणे, गाण्यासकट. सगळ्या बायांचे विळे चालूच. शेतकऱ्याला साप चावतो असा एक शेवट सांगितला. एक पोरगी हसली, विळे चालूच. मी थकून बांधावर बसले. तेव्हा काशी वळली. विळा तसाच हातात धरून म्हणाली, "आनि तिची ओटी? ती रिकामीच ठेवली तुमी?"

आणि वन्सं, सगळ्यांचे हात थांबले.

मी काही केलं नाही. माझं काही सुचलेलं नाही. पण त्या क्षणी मला तुम्ही दिसलात. तुम्ही विधवा होऊन आमच्या घरी आलात, ते वर्ष. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या. माझी ओटी भरली, आणि तुमच्यासमोरून ताट पुढं नेलं. नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, तशी रीतच. आपण प्रभूचे झालो तरी शेजार तर जुनाच होता. तुम्ही? चष्मा पुसत बसलात. तुमच्या मनात हाच शेवट होता का हो? का तुम्हालाही माहीत नव्हता, आणि मला उगाच उद्यावर ठेवत होतात?

तालमीला देवळाच्या ओट्यावर सगळे जमले. लाजवंती आली. मी तिला एवढंच सांगितलं होतं की बाप्तिस्मा नाही, पुढचं माझ्यावर सोड. भावजींनी शेतकरी झकास केला, आवाज काय विचारता. तिचा पदर हिसडला, लोंब्या खाली पडल्या. लाजवंतीचा चेहरा असा झाला की पाळकसाहेब खुर्चीत पुढं सरकले. मी भाकरीची पाटी घेऊन बांधावर आले. पाटी खाली ठेवली. तिथं आधीच ठेवलेल्या सुपातल्या लोंब्या ओंजळीत घेतल्या आणि तिच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, "पदर पसर, बाई."

ती पसरेना. तिलाही रीत ठाऊक होती, त्यांच्यातही विधवेचं तेच. हळूच म्हणाली, "मैं? मेरी?"

मी म्हटलं, "तुझीच. या शेतात देवानं पिकवलंय, माझ्या पोरानं फक्त कापलंय."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. तिनं पदर पसरला. मी ओंजळ टाकली, दुसरी टाकली. पुढं काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून टाकतच राहिले. आणि मागं बघते तो तुमचा भाऊ गुडघ्यावर बसून, मघाशी स्वतः पाडलेल्या लोंब्या ओट्यावरून एकेक उचलतोय. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आणून त्या तिच्या पदरात टाकल्या आणि खाली मान घालून उभे राहिले. गाणं काढायचं राहूनच गेलं.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि हळूच आमेन म्हटलं. सगळे गेल्यावर भावजी माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार. ते म्हणाले, "वहिनी, लोंब्या जास्त लागतील. मी सोनिवलीहून आणतो."

बाप्तिस्म्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. जिंकलेल्या बाईनं गप्प राहावं, हे मला या वयात जमायला लागलं आहे. थोडंथोडं.

तरी पंचांपैकी दोघे अजून कुरकुरतात. म्हणतात, अडाणी म्हातारीनं आणि परक्या बाईनं मिळून मंडळीचं नाटक पळवलं. कुरकुरू देत. त्यांनी नाटक बंद केलं तर आम्ही काशीच्या अंगणात करू, तिथं पंच नाहीत.

वन्सं, आता माझं वचन ऐका. नाटक होणार. लाजवंतीचा पदर सगळ्यांसमोर भरणार, आणि ती आली तशीच, आपल्या देवासकट घरी जाणार. पुढच्या सुगीला दुसरं नवं नाटक, त्याच्या पुढच्या सुगीला तिसरं. मला अक्षर येत नाही, पण कुणाचे हात कधी थांबतात ते दिसतं. डोळे आहेत तोवर बघेन. डोळे गेले की सूनबाईला बघायला लावीन. ती हे लिहिताना तोंड वाकडं करते आहे, पण हात मघापासून दोनदा थांबलाय तिचा.

तुमची भांडखोर वहिनी,
सगुणा
(अंगठा)

ता. क. सोफी, पोरी, तुझ्या आईच्या कबरेपाशी हे मोठ्यानं वाच, तिला कमी ऐकू यायचं. वाचून झालं की माझं काम कर. नाटक झाल्यावर सगळ्यांची पंगत आहे, चाळीतले, कॅम्पातले, पाड्यावरचे. भाकऱ्या आम्ही करू. तू जवसाची चटणी आणि बाजरीचं पीठ पाठव. चटणीत तिखट कमी घाल, लाजवंतीच्या मुलींना आपलं तिखट सोसत नाही. आणि त्यांची म्हणून वेगळी पुडी बांधू नकोस. सगळ्यांची एकाच डब्यात भर.