बिनमाणसाची होडी तुझ्याकडे निघाली आहे

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आणि घरामागचा धक्का भक्कम आहे ना? आपलं सहज विचारतो आहे.

आम्ही शिडाच्या बिनमाणसाच्या होड्या बनवतो, हे तू चारचौघांत कौतुकाने सांगतेसच. त्या महिनोन्‌महिने एकट्या समुद्रात हिंडतात, पाण्याची उष्णता, खारटपणा, लाटांची उंची मोजतात आणि आकडे आम्हाला पाठवतात. (मला पाण्याची भीती वाटते म्हणून मी असली होडी काढली, असं ऑफिसात म्हणतात. खरं आहे.) परवाच्या वादळापासून एक होडी आमचं ऐकेनाशी झाली. कुठे आहे तेवढं कळतं, पण हुकूम पोचत नाही. असं झालं की तिने मुकाट्याने घरी यायचं, हा नियम मीच तिच्या डोक्यात घातलाय. घर म्हणजे आमचं बंदर. पण सुट्टीत तुझ्या मागच्या ओट्यावर बसून चाचणी घेताना मी 'घर' म्हणून तुमचा धक्का भरला होता, तो बदलायचा राहिला. घाबरलो की मलाही तुझ्याकडेच यावंसं वाटतं, त्यामुळे चूक नजरेला खटकलीच नाही.

तर ताई, ती येते आहे. वारा असाच राहिला तर परवा सकाळी. दोन पुरुष उंचीचं टणक शीड, पोटाखाली शिशाचं वजन, आणि ब्रेक नाही. मोठी जहाजं रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगत असतात, तो ऐकून ती बाजूला होते. भाऊजींच्या मासे धरायच्या होडक्यात रेडिओ नाही, म्हणजे तिच्या लेखी भाऊजी नाहीतच. त्यांना फोन केला, तर म्हणाले, "चालवतंय कोण?" कोणी नाही म्हटलं, तर "मग घाबरायचं कोणाला?" म्हणून हसत ठेवून दिला. (मागे मी चोर चोर म्हणून गल्ली गोळा केली आणि दोरीवरचा त्यांचाच कोट निघाला, ते अजून विसरले नाहीत.) तुझा फोन नेहमीसारखा पिठाच्या डब्यामागे बंद. म्हणून आमच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र पाठवतो आहे. भाऊजींना परवा पाण्यात जाऊ देऊ नकोस. वल्ही लपव, रुसले तरी चालेल.

तुझा भित्रा धाकटा

ता. क. होडी ज्याने काढली त्यानेच ती धरावी, असं साहेबांनी आत्ताच ठरवलं. परवा तुमच्या धक्क्यासमोरच मला लाँचमधून तिच्यावर उडी मारायची आहे. शीड पाडायचा खटका तिच्या पाठीवर आहे. तिथे माणूस कधी जाणारच नाही, म्हणून मी पाय ठेवायला जागा ठेवलेली नाही.

ता. ता. क. मला पोहता येत नाही, हे फक्त तुला ठाऊक आहे. वल्ही परत दे. भाऊजींना म्हणावं, जरा लांब राहा, पण हाकेच्या अंतरावर.