दादाला नेलं तेव्हा

१४ मे
वहिनीने दादाला वेड्यांच्या दवाखान्यात धाडलं! मला न विचारता! अँब्युलन्स आली, दोन माणसं उतरली — नखशिखान्त पांढरी, नुसते डोळे दिसणारी — आणि माझ्या सख्ख्या भावाला जिन्यावरून घेऊन गेली. अख्खी बिल्डिंग खिडकीत. मी इकडे औषधांच्या दुकानात काउंटरला. शेजारच्या काकूंचा फोन, "अगं, दादाला ताप आलाय का?"
ताप असता तर बरं!

१५ मे
इस्पितळात गेले. वॉचमनने फाटकातच अडवलं. "साथ आहे, ताई. भेटणं बंद." कुठे ठेवलंय त्याला? "मनाचे पेशंट मागे हलवलेत. पुढे सगळे तापाचे." मागे! अडगळ आहे का ती? कपड्यांची पिशवी आत गेली आणि पायजम्याची नाडी तेवढी परत आली. का, ते मी विचारलं नाही. घरी येईपर्यंत मुठीत होती.

१७ मे
वहिनीवर तोंड सोडलं. शाळा बंद, दोन महिने त्याची स्कूलबस उभी, माणसाला झोप नाही — म्हणून थेट इस्पितळ? आत्ता झोप कुणाला लागतेय? "तुला तो घरात नकोसा झाला होता, कबूल कर!" ती भांडी विसळत राहिली. मग म्हणे, "चहा ठेवू?"
चहा! मिठाची गुळणी धरून बसलीय बाई.

१८ मे
आजपासून तिच्याशी बोलणं बंद.

२२ मे
डॉक्टरीणबाईंचा फोन. "अगदी वेळेवर आला तुमचा भाऊ." आला नाही, उचलून नेलात — मी सुनावलं. त्या शांतच. "तातडीने येणारे मनाचे पेशंट निम्म्यावर आलेत. बाकीचे बरे आहेत असं नाही हो. साथीच्या भीतीने घरात बसतात. मग आणतात तेव्हा..." वाक्य सोडूनच दिलं. असतील बाकीचे! पन्नास पोरांवर "हात आत घ्या रे!" म्हणून डाफरणारा माझा दादा त्यांच्यातला नव्हे.

२९ मे
दादा फोनवर बोलला. पाचच मिनिटं. मी वहिनीचा उद्धार सुरू केला तसा म्हणाला, "तिला काही बोलू नकोस. त्या दिवशी ती भाजीला गेली होती. मी गच्चीवर गेलो... कठड्यापाशी. मग खाली आलो आणि इस्पितळाला फोन मीच केला. तुला सांगू नको अशी शपथ घातली होती तिला."