डोनलच्या स्नोमोबिलचा दांडा

लेटरकेनीजवळ, आयर्लंड
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. प्रसन्नराव यांस,

श्रीरामचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (विनंती तशी काही नाही, हात सवयीनं लिहून गेला.) तुमचा गुडघा कसा आहे? वासंतीताईंची साखर आटोक्यात आहे ना? इकडे सुमित्रा ठणठणीत आहे. भार्गवी हॉस्पिटलात इतकी गुंतलेली असते की आईवडील पुण्याहून आलेत हे तिला रविवारीच आठवतं. हवेबद्दल काय सांगू? पाऊस आडवा पडतो आणि लोक त्याला ‘ग्रँड’ म्हणतात. थांबला तरी ग्रँड, नाही थांबला तरी ग्रँड. पत्राचा फोटो काढून तुमच्या वेल्डिंग वर्कशॉपच्या ईमेलवर पाठवतो आहे. घरच्या व्हॉट्सॲपवर वासंतीताई आधी वाचतात आणि मग सबंध कुटुंब वाचतं, म्हणून.

आम्ही उतरलो त्याच दिवशी भार्गवीनं मला बजावलं होतं की बाबा, शेजाऱ्यांच्या कशालाही हात लावू नका. आता चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, तुम्ही जाणताच. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या डोनलच्या शेडमध्ये होतो. डोनल सत्तरीचा आहे, एकटा राहतो, डोंगरावर मेंढ्या राखतो. त्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या मागे एक स्नोमोबिल आहे. तुम्ही पाहिली नसेल म्हणून सांगतो: पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखं हँडल. त्याच्या भावानं ती तीस वर्षांपूर्वी कॅनडाहून परतताना आणली, तेव्हा सगळं गाव हसलं म्हणे, कारण इथे बर्फ पडतो तो चार-पाच वर्षांतून एकदा. पण पडतो तेव्हा डोंगराचा रस्ता बंद होतो आणि वरच्या मेंढ्यांना चारा न्यायला तेवढं एकच वाहन उरतं. भाऊ गेल्या वर्षी वारला. डोनल ती गाडी रोज पुसतो.

गेल्या आठवड्यात हवामानखात्यानं बर्फाचा इशारा दिला. डोनलनं गाडी अंगणात काढली, हँडल वळवलं, आणि ते त्याच्या हातात आलं. स्टिअरिंगचा दांडा, म्हणजे हँडलपासून खाली घसरपट्ट्यांपर्यंत जाणारा पाइप, मधोमध मोडला होता. (कॅनडाचा माल. आतून गंजलेला. नुसत्या वाऱ्यानं मोडला असता, हे ध्यानात ठेवा.) नवा दांडा मिळेना. फिनलंडमध्ये कुणाकडे तरी जुना निघाला, पण तो यायला तीन आठवडे. बर्फ यायला आठ दिवस. मी म्हटलं, डोनल, काळजी सोड, आपण बनवू. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला पुन्हा नोकरी लागल्यासारखं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, श्रीराम, दांड्याला जोड द्यायचा तर वेल्डिंग आलं, आणि वेल्डिंग तुझं काम नव्हे. माझं मत तुम्हाला माझ्या लग्नापासून माहीत आहे. लेथवर माणूस वस्तू घडवतो, वेल्डर नुसती चिकटवतो. (दर दिवाळीला हे तुम्हाला ऐकवताना सुमित्रा मला जो चिमटा काढते त्याचे वळ अजून आहेत.) तर मी पलीकडच्या गावातल्या ट्रॅक्टर-दुरुस्तीवाल्याचा लेथ दोन तास मागून घेतला. जुन्या पाइपापेक्षा दीडपट जाडीचा बिनजोड पाइप आणला, आत घट्ट बसेल अशी भरीव सळई कातली, पाइपाला भोकं पाडून सळई त्यातून आत वेल्ड केली, आणि खालच्या वळणाला, जिथे सगळा जोर येतो, दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या चढवल्या. वेल्डिंग मशीन डोनलचंच, फाटकं दुरुस्त करायचं. पहिल्या खेपेला दांडा उत्तम झाला, फक्त घसरपट्ट्या सरळ समोर असताना हँडल मेंढ्यांच्या गोठ्याकडे बघत होतं. डोनल म्हणाला, हरकत नाही, मीही तिकडेच जातो. पण मी ऐकणारा नव्हे. कापला, खुणा केल्या, तिथेच पुन्हा जोडला. आता गाडी बोटानं वळते. डोनलनं पबमध्ये माझी ओळख काय करून दिली असेल? म्हणाला, ‘युअर मॅन’ (इथल्या बोलीत, हा गडी) इंजिनिअर आहे. मी त्याची चूक सुधारली नाही. एकदा चुकून कुणी इंजिनिअर म्हणालं तर बिघडतं कुठे?

तर असं सगळं क्षेम आहे. हा दांडा गाडीपेक्षा जास्त टिकेल. मुलांना आशीर्वाद, वासंतीताईंना नमस्कार.

तुमचा साडू,
श्रीराम

ता. क. : सोबत वेल्डचे सहा फोटो आहेत. जमलं तर मोठे करून बघा. एकाच जागी दोनदा वेल्ड केलंय, आणि तसं केलं की जागा कमजोर होते म्हणतात. गुरुवारी बर्फ येणार. डोनल त्या दांड्याच्या भरवशावर एकटा डोंगर चढणार, आणि वाटेत एका बाजूला कडा आहे. विनंती नाही असं वर लिहिलंय ते खोडलं समजा.

ता. क. २ : दांडा वाऱ्यानं मोडला नाही. खंडेनवमीला कारखान्यातली पूजा आठवली, म्हणून डोनलला विचारलं की तुझ्या यंत्रांची पूजा करू का. तो ‘वर्क अवे’ म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत खुशाल करा. ट्रॅक्टरला, करवतीला, स्नोमोबिलला हळदकुंकू लावलं, दुकानातली शेवंती वाहिली. बाहेर धो धो पाऊस, आत जमिनीवर रबराच्या चटया. नारळ आपटला की चेंडूसारखा उसळे. गाडीचं झाकण उघडं होतं, समोर तो दांडा दिसला, मी त्यावर नारळ हाणला. कट् झालं. नारळ फुटला म्हणून हलवून पाहिला, तर पाणी आत आणि नारळ अखंड. मग कट् कशाचं झालं, हे मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं, हे खरं. झाकण लावलं आणि घरी आलो. नारळ भार्गवीच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (कपाटाला इथे प्रेस म्हणतात) डाळीमागे लपवला. तो दांडा अंगणात मोडला म्हणून ठीक, वर कड्यापाशी मोडला असता तर मी तुम्हाला तोंड दाखवलं नसतं. मला फार लाज वाटते, प्रसन्नराव.

ता. क. ३ : एवढं लिहिल्यावर पत्राचा फोटो काढवेना. डोनलकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं खिडकीतला जुन्या दांड्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. मोडल्या जागी नारळाची शेंडी अडकली होती. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! बोलला का नाहीस विचारलं, तर म्हणे, बोललो असतो तर तू लाजून यायचा बंद झाला असतास, मग चहाला मला कोण होतं? मग म्हणाला, तो नारळ घेऊन ये. मी आणला. त्यानं झाकण उघडलं, मी देवाचं नाव घेतलं आणि नव्या दांड्यावर हाणला. एका फटक्यात दोन शकलं. पाणी दोघांच्या बुटांवर. दांडा तसूभर हलला नाही.

डोनल म्हणाला, म्हणजे झालं ना पक्कं? मी म्हटलं, नारळ वेगळा, डोंगर वेगळा. पुण्यात माझे साडू आहेत, त्यांनी हो म्हटल्याशिवाय तू यावर बसायचं नाहीस. तो बरं म्हणालाय. तेव्हा बुधवारपर्यंत कळवा, आणि वेल्ड कच्चं असेल तर सरळ कच्चं लिहा, मी पुन्हा कापीन. वेल्डर नुसता चिकटवतो असं मी इतकी वर्षं म्हणत आलो, ते मागे घेतो. (एवढं वाक्य वासंतीताईंना वाचून दाखवू नये.)