माळ्यावरचा नवरा

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने जोडतेस, त्यापेक्षा हे बरं. तू विचारलं आहेस की मालिकेत मी अजून माळ्यावर का चढतो. ताई, इतक्या वर्षांत हे विचारणारी तू पहिलीच!

सुरुवातीला सगळं सरळ होतं. घरमालकाला भाडेकरू हवी एकटी बाई. मालिकेतल्या माझ्या बायकोने लग्न लपवलं आणि मालक जिना चढू लागला की मी माळ्यावर. आवाज झाला की घर गेलं, एवढीच गंमत. मी शिंक गिळायचो आणि स्टुडिओतले प्रेक्षकही श्वास रोखून बसायचे. मग केव्हातरी मालकाला कळलं. आता तर आमच्या लेकीला शाळेत सोडायला तोच जातो. तरी मी आपला माळ्यावर! लपायचं कुणापासून, हे लेखकालाच सांगता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून नव्या दिग्दर्शकाने लपायच्या जागा वाढवल्या. पिंप झालं, कपाट झालं. आता लोखंडी पेटी, आणि ती माझ्यासकट पाण्यात टाकायची. स्टुडिओत काचेचा हौद बांधलाय. कडी आतून उघडते, तेव्हा काळजी नको.

माया आहे तशीच असू दे.
तुझा,
ढब्बू

ता. ११ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काळजी नको असं लिहिलंस आणि माझी झोप उडाली. सगळं आयुष्य मी वॉर्डात काढलं. दमलेला श्वास मला लांबून ओळखू येतो. पिंपाचा भाग लागला तेव्हा शेजारीण पोट धरून हसत होती. मी तुझे ओठ बघत होते. रंगाखालीही निळे दिसले रे.

तुझं वय काय, पोट काय, त्या पेटीत बसायचं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबायची! सरळ नाही म्हण. लाज वाटत असेल तर माझं नाव सांग. बहीण खाष्ट आहे म्हणावं, सगळ्यांना पटेल.

पत्र मिळताच उत्तर टाक. तोवर मी दाराकडे डोळे लावून बसणार.
तुझी,
ताई

ता. १७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही म्हणून पाहिलं. दिग्दर्शक गोड बोलला. म्हणाला, दमला असाल तर विश्रांती घ्या, मालिकेतल्या धाकट्या दिराला माळ्यावर चढवू. त्या पोराचं वय तीस. तो आत्ताच माझ्यासारखा चालून दाखवतो आणि लोक हसतात.

खरं सांगू? पेटीची भीती वाटतेच. काल तालमीत झाकण पडलं आणि आपलं नावसुद्धा आठवेना. पण घरी बसायची त्याहून जास्त वाटते. रस्त्यात मला कोणी नावाने हाक मारत नाही. म्हणतात, तो बघा माळ्यावरचा नवरा. तो उतरला की खाली कोण उरतं, मला ठाऊक नाही.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा,
ढब्बू

ता. २६ जानेवारी

ती. ताईंना,
मालिकेतल्या तुमच्या वहिनीचा सा. न.

आधी महत्त्वाचं: ते सुखरूप आहेत. दवाखान्यात आहेत, उद्या घरी सोडतील. हात सुजल्यामुळे त्यांनी मला लिहायला सांगितलं. तुम्हाला काही कमी करून सांगू नकोस, असंही बजावलं.

पेटी हौदात तिरकी पडली आणि झाकण अडकलं. कडी निघाली, पण झाकण हलेना. पाणी आत शिरू लागलं. त्यांनी आतून बडवायला सुरुवात केली आणि प्रेक्षकांत हशा उसळला. ते ओरडले, हशा वाढला. दिग्दर्शकाने कॅमेरा चालू ठेवायची खूण केली. मलाही वाटलं, रंगात आलेत.

मालिकेतले आमचे घरमालक मात्र वाक्य अर्धवट टाकून हौदात उतरले. त्यांना धड पोहताही येत नाही. लोकांना तेही नाटकच वाटलं. पहारीने झाकण उचकटलं तेव्हा टाळ्या पडत होत्या. तुम्हाला कसं कळलं, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, अगं, हा लपलेला माणूस आहे. लपलेला माणूस आवाज करत नाही. एवढ्यावर तर आपण मालिका उभी केली होती.

आपल्या भावावर रागावू नका.
तुमची,
वहिनी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. तुझी दोन्ही पत्रं उशाशी आहेत. एकात शिव्या, दुसऱ्यात रडणं, दोन्ही पोचलं.

मी काम सोडलं. वाहिनीवाले म्हणाले की इतका खरा हशा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता, म्हणून तो भाग दाखवणारच. आणि पेटी पुढच्या भागातही हवी. आत धाकटा दीर.

काल त्याला घरी बोलावलं. समोर बसवून सांगितलं, बाबा रे, आत जाऊ नकोस. झाकण अडकलं की अंधार कानात शिरतो. तू ओरडशील आणि तुला बाहेरची हसणारी माणसं ऐकू येतील. सांगताना मधेच उठून मी दाराची कडी निघते ना, ते दोनदा बघून आलो. तर पोरगा हसायला लागला. मी त्याचा दंड धरला, ओरडलो. तो डोळे पुसत म्हणाला, काका, अगदी असंच करायचं ना? पुन्हा एकदा दाखवा.

ताई, आता मी मेलो तरी लोक टाळ्या वाजवतील, असं वाटलं.

उद्या चित्रीकरण आहे. मला फाटकातून सोडणार नाहीत, पण घरमालक मागचं दार उघडं ठेवणार आहेत. तुझी मालिकेतली वहिनीही येणार आहे. पेटी हौदाकडे नेली की, पोरगा आत शिरायच्या आधीच, आम्ही तिघं झाकणावर बसणार. उठवतील, ओढतील, लोक हसतील. हसू देत. उठायचं नाही, एवढं ठरलंय.

उद्यानंतर तुझ्याकडेच येईन म्हणतो. तोवर लोभ धरून राहा, घट्ट.
तुझा,
ढब्बू