उजव्या खांद्यामागचं पाऊल

माय, तुझ्या नातीनं पाठीवर टॅटू काढून घेतलाय. टॅटू म्हणजे आपलं गोंदणच, फक्त मशीननं काढतात. तू तिला फ्रॉकमध्ये पाहिलं होतंस. आता ती पुण्यात नोकरी करते. उजव्या खांद्यामागे, तिचा स्वतःचा हात पुरणार नाही अशा जागी, अंगठ्याएवढं एक पाऊल आहे. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं, त्याचं. तेव्हा दवाखान्यात मी तिला म्हणाले होते, "झालं ते झालं. आता कामाला लाग." त्यानंतर फोनवर ती माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलली नाही. आणि पंधरा दिवसांपूर्वी अचानक जळगावला आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "तुझा जावई दौऱ्यावर आहे. मागे हात पुरत नाही. क्रीम लावशील?" एवढं मागे कशाला काढलंस, असं मी विचारलंच. "रोज दिसायला नको. पण असायला हवं."

सकाळ-संध्याकाळ ती मोरीत स्टुलावर पाठमोरी बसते. मी साबणानं हात धुते, कोमट पाण्यानं ती जागा धुते, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यानं टिपते आणि क्रीमचा पातळ थर देते. आधी काळपट पाणी यायचं, मग खपली धरली, मग पापुद्रे सुटू लागले. खाज आली की तिचा हात मागे वळतो आणि मी त्यावर चापट मारते. "खाजवू नकोस, रंग निघेल." "आई, तू शाळेत पोरांशी अशीच वागायचीस का गं?" "याहून वाईट." ती हसली. पाठ हलली म्हणून कळलं. माझं तोंड दिसत नाही म्हणूनच बोलते बहुधा. बाळाबद्दल बोलते. मी टिपत राहते.

टिपताना धरणगावची आपली ओसरी आठवते. तुझं तान्हं बाळ, माझं धाकटं भावंड, गेलं आणि तू सुतकाचे दिवस संपायच्या आतच कापूस वेचायला गेलीस. पुढच्या बाजाराला गोंदणाऱ्या बाईकडून मनगटाच्या आत एकच ठिपका काढून आलीस. मनगट सुजलंय, मी हळद-तेल लावतेय, आणि हळू न लावता चोळतेय म्हणून तू माझ्या बोटांवर फटका मारतेस. "चोयू नको पोर, हयू लाव!" कशाला काढलंस, असं मी विचारते. तू चुलीकडे बघत म्हणतेस, "बठ्ठं आठेच ऱ्हास. हाई तेवढं संगे येस." सगळं इथंच राहतं, एवढंच बरोबर येतं. पुढे धुळ्याला कॉलेजात मी हे मैत्रिणींना अंधश्रद्धा म्हणून सांगायचे. तुझं कामाला लागणं मात्र मी जन्मभर पाठ केलं. ठिपका विसरले.

काल हे सगळं मी तिला सांगितलं. ती स्टुलावर अर्धी मागे वळली. मग म्हणाली, "दवाखान्यात हे का नाही सांगितलंस?" "नीट बस," मी म्हणाले, "क्रीम लावायचंय."

तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी हॉस्टेलवरून तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचे ते आबांना. आता हे लिहिलंय, तर टाकायला पत्ता नाही. लिहायचं कारण एवढंच की आज सकाळी मी त्या जागेवरून बोट फिरवलं. कातडी गुळगुळीत लागली. पाचही बोटं स्पष्ट उमटली आहेत. "बरं झालं का?" तिनं विचारलं. "झालं असेल तर उद्याचं तिकीट काढते. इतके दिवस सुट्टी कोण देतं?"

"नाही," मी म्हणाले. "टाचेजवळ अजून पापुद्रा आहे. चार दिवस तरी लागतील."

तिला तिथलं दिसत नाही. पापुद्रा नाहीये, माय.