पाचाभोवतीचं वर्तुळ

चोमा, १४ ऑगस्ट १९९४

तीर्थस्वरूप वन्सं चिपेगो यांस,
सा. न. वि. वि.

चीलो गेल्यापासून त्यांचा गणिताचा वर्ग मीच घेते. या वेळी आसपासच्या शाळांचे पेपरही माझ्याकडे आले. y = ¾x + ५ हे समीकरण सामान्य रूपात लिहायचं होतं. चारने गुणताना मुलं ५ ला विसरतात. नदीपलीकडच्या शाळेतला बीन्झू विसरला नाही. त्याने आधी ५ भोवती वर्तुळ काढलं, मग लिहिलं: ३x − ४y + २० = ०.

वर्तुळ काढायची ही रीत ह्यांची. कडेला बसलेल्या पाहुण्यालाही न्शिमा वाढायचा, असं ते वर्गात सांगत. त्या शाळेत तर ते कधीच नव्हते. मग या मुलाला कोणी शिकवलं?

आपला लोभ असाच असू द्यावा.
मुटिंटा

मोंझे, २२ ऑगस्ट

चि. मुटिंटा हिस अनेक आशीर्वाद.

अगं, माणूस जाऊन चार महिने नाहीत आणि तू वर्तुळं कसली बघत बसलीस? निम्मे मास्तर वर्तुळं काढतात. सोळा वर्षांचा पोरगा, शिकला असेल कुठेतरी. पेपर तपास, पोरं तपासू नकोस. जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
चिपेगो

चोमा, ३० ऑगस्ट

ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि.

इथल्या मास्तरांना विचारलं. कोणीही वर्तुळ काढत नाही. आणि मुलाचं वय मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं.

अंत्यविधीला तुम्ही चुलीपाशी एक बाई बसवलीत, दूरची बहीण म्हणून. ती नदीपलीकडची ना? दर शनिवारी हे मासेमारीला जात आणि रिकाम्या हाताने येत. मला खरं काय ते कळवावं.

मुटिंटा

मोंझे, ७ सप्टेंबर

चि. मुटिंटा हिस आशीर्वाद.

बीन्झू चीलोचाच. पण तुमच्या लग्नाआधीचा. शनिवारी तो चर्चच्या व्हरांड्यात मुलाला शिकवायला बसे. तिच्या दारात त्याने पाऊल टाकलं नाही. तुला सांगितलं तर माहेरी निघून जाशील, अशी त्याला धास्ती होती. आता रागावायचं तर माझ्यावर रागाव.

चिपेगो

चोमा, १८ सप्टेंबर

ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि.

बीन्झूला पूर्ण गुण दिले आहेत. पण त्याचे आलेख फार कच्चे आहेत, सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठवावं. त्याच्या आईला मात्र इतक्यात नको.

व्हरांड्याचं तुम्ही लिहिलंत, ते खरं मानायचं ठरवलं आहे. मुलाला मी ते विचारणार नाही.

तब्येतीला जपावं.
मुटिंटा