कैसूमला दुष्ट करताना

२ मे, गुरुवार

लिहायला बसले, कारण आज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस मारला गेला आणि मारणाऱ्याने नंतर मला अदबीने सलाम केला. हे रेडिओच्या वहीत लिहिता येत नाही. म्हणून ही वेगळी वही.

पावाच्या भट्टीपुढे रांग होती. सगळ्यांत पुढे मिलाद, आमच्या गल्लीतले नळ दुरुस्त करणारा. त्याने पाव घेतला होता, मागच्या म्हाताऱ्यासाठी आणखी एक मागत होता. गाडी थांबली. बूसिन्ना उतरला. सोन्याच्या दातामुळे त्याला हे नाव पडलं. पुलापासून बंदरापर्यंतचा त्रिपोलीचा भाग आज त्याच्या बंदूकवाल्यांचा आहे. माझ्या हजेरीपटावर त्याचं नाव अयाद होतं. फिजिक्समध्ये दोनदा नापास.

तो रांग सोडून पुढे गेला. मिलाद म्हणाला, "भाऊ, रांग मागून आहे." आवाज चढवला नाही. अयादने पिस्तूल काढून त्याच्या गळ्यात गोळी घातली. पडल्यावर आणखी एक, तोंडात. मिलादच्या टाचा बराच वेळ जमीन घासत होत्या.

त्याच्या हातातला पाव मातीत पडला होता. अयादने तो उचलला, फुंकर मारली, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि कठड्यावर ठेवला. पडलेल्या पावावर पाय पडू नये म्हणून आम्ही सगळेच असं करतो. माझ्या आईनेही हेच शिकवलं होतं.

मग मला पाहून म्हणाला, "अब्ला, तब्येत बरी ना? रमजान आला. यंदाची मालिका लिहून झाली?"

अब्ला म्हणजे बाई, शिक्षिका. मी "लिहिते आहे" असं उत्तर दिलं. दिलं खरं!

३ मे

भट्टीवाल्याने वाळू टाकली. पाव नेहमीसारखाच भाजलेला होता. मी खाल्ला.

५ मे, रविवार

मिलादच्या दुखवट्याचा तिसरा दिवस. गल्लीत मांडव घातला आहे. आम्ही बायका आत. खिडकीतून दिसत होतं. अयाद आला. दोन मेंढ्या, साखरेचं पोतं. स्वतः किटली घेऊन बसलेल्यांना चहा ओतत फिरला. मिलादच्या बापापुढे पेला धरला. बाप म्हणाला, "अल्लाह तुझं भलं करो, बेटा."

घरी येऊन यंदाच्या मालिकेचे पहिले चार भाग वाचले. 'नववा चंद्र'. रमजानभर रोज उपास सुटल्यावर पंधरा मिनिटं. चौथं वर्ष. माझा खलनायक कैसूम, नवव्या चंद्राचा सेनापती, पाण्याचा मालक. किरण सोडतो, शहरं जाळतो, खदाखदा हसतो.

आज तो मला पोरकट वाटला. मारलेल्याच्या बापाला चहा पाजणं मला सुचलंच नव्हतं. चारही भाग फाडले.

६ मे

पहिला भाग लागला. जुनीच धून वाजवावी लागली. नवी तौफीकने केली होती: पाण्याचे कमीजास्त भरलेले सात पेले आणि एक चमचा. पेल्यांत पाणी किती हवं, हे मी मोजून दिलं होतं. ती तीनच माणसांनी ऐकली. तौफीक, मी आणि त्याची आई सालमीन. स्टेशनवर द्यायला निघाला, छोटा रेकॉर्डर पिशवीत घेऊन, आणि पुलाजवळच्या चौकीवर त्याला उतरवून घेतलं. ११ फेब्रुवारी. एकतीस वर्षांचा आहे, जाड भिंगांचा चष्मा, त्याशिवाय समोरची भिंत दिसत नाही. माझ्या भावाचा एकुलता एक. भाऊ गेल्यापासून आम्ही तिघंच या घरात. आता दोघी.

जिवंत आहे का, एवढंच कळावं. नसेल तर कुठे पुरलाय, ते. सालमीनला दुसरं काही नको आहे. मलाही.

गेल्या महिन्यापासून ती दर गुरुवारी रव्याच्या, खजूर भरलेल्या मगरूड तळते आणि थाळा भरून चौकीवर देऊन येते. अयादसाठी. थाळा रविवारी परत येतो. भरलेला. खजूर, साखर, कधी कॉफी. आमच्याकडे कुणी कुणाचा थाळा रिकामा पाठवत नाही, आणि हा माणूस रीत पाळतो. सालमीन तो आपल्या खोलीत नेऊन रिकामा करते, मग बरण्या भरून बाहेर आणते. मी त्या साखरेला हात लावत नाही.

"त्याच्या पोटात गेलेलं गोड वाया जातं," मी एकदा म्हणाले.

"जाऊ दे वाया," ती म्हणाली. "तू तुझं लिही."

९ मे, गुरुवार

उपास सुटल्यावर अयाद आला. दोन बंदूकवाले दाराशी उभे केले, बूट काढून आत आला. सालमीनने चहा ठेवला आणि थाळाच पुढे केला. आज चौकीवर जावं लागलं नाही.

"अब्ला, राग मानू नका. तुमचा कैसूम बिनडोक आहे."

"अस्सं?"

"गेल्या वर्षी एका झटक्यात अख्खं शहर जाळलंन. मग दुसऱ्या दिवशी त्याला घाबरायला उरलं कोण?"

"मग तू शिकव. दोनदा नापास झालास, तरी शिकव."

तो मनापासून हसला. "तुमच्या रबरी नळीचे वळ अजून आठवतात हं. त्या नळीनंच माणसात आणलं मला." मग मगरूड उचलली. "थोडं थोडं द्यायचं, अब्ला. सगळं एकदम दिलं की माणूस घरी जातो, रडतो, मोकळा होतो. थोडं दिलं की पुढच्यासाठी परत येतो. मान खाली घालून येतो. वर गोडधोड करून आणतो. सालमीन खाला, हात काय छान आहे हो तुमचा."

"अल्लाह तुला आयुष्य देवो," सालमीन म्हणाली.

मी तौफीकबद्दल विचारलं. तो म्हणाला, चौकशी चालू आहे. बूट घालताना लेस नीट बांधली. दोन्ही.

११ मे

त्याचं सांगणं वापरलं. कैसूम आता पाणी थेंबांनी देतो. आई मुलासाठी थेंब न्यायला येते, आणि जाताना त्याचे आभार मानते. स्टेशनचे मॅनेजर शाकीर यांचा फोन. "मबरूकाबाई, लोक विचारतात, एवढा भयंकर माणूस तुम्हाला सुचला कसा."

मला सुचला नाही. पण मी तसं म्हटलं नाही.

१३ मे, सोमवार

रात्रभर तोफा. सकाळी थांबल्यावर शाळेत गेले. माझ्याच शाळेत, आता तिथे त्याचं ठाणं आहे. सव्वीस वर्षं त्या फाटकातून आत गेले. आज चौकशीसाठी बाहेर उन्हात उभी.

अयाद नव्हता. उभ्या उभ्या खिडकीतून फिजिक्सची प्रयोगशाळा दिसली. कप्पीचा धडा दाखवायला मी छताला लोखंडी कप्पी बसवून घेतली होती, खात्याशी भांडून. तिच्यावरून दोर टाकून एका माणसाला मनगटांनी वर ओढलं होतं. हात मागे बांधलेले. खांदे निखळलेले दिसत होते. खाली एकजण केबलने त्याच्या तळव्यांवर मारत होता, मोजत, सावकाश. चाळीसपर्यंत मोजलं आणि विसरला. पुन्हा एकपासून.

तो तौफीक नव्हता. मला हायसं वाटलं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे: मला हायसं वाटलं.

१४ मे

फळ्यावर अजून माझ्या अक्षरात तरफेची आकृती होती. काल लिहायचं राहिलं.

१७ मे

शाकीर म्हणतात, कैसूमला थोडं कारण द्या. बाप मारायचा, आई टाकून गेली, असं काही. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं.

नाही देणार. मी अठ्ठावीस वर्षं मुलं पाहिली. बापाचा मार खाल्लेली निम्मा वर्ग होती. माझा मारही खाल्ला. त्यांतली बहुतेक आज दुकानं चालवतात, इंजेक्शनं देतात, पावाच्या रांगेत उभी राहतात. दुष्ट माणसाला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक असतं. समोरच्याला कुठे दुखतं, तेही. आईला जितकं ठाऊक असतं तितकं. तो ते ज्ञान वापरतो, आणि दुपारी त्याला शांत झोप लागते.

(मघाशी अठ्ठावीस लिहिलं. मागच्या पानावर सव्वीस. पहिली दोन वर्षं दुसऱ्या शाळेत होते.)

२१ मे

अयाद पुन्हा आला. शेवटच्या भागाबद्दल बोलायला.

"कैसूमला मारू नका, अब्ला. मारायचाच तर आईच्या मांडीवर मरू दे. तिने त्याला माफ करावं. लोक रडले पाहिजेत."

"आणि नाही मारला तर?"

"मग त्याहून उत्तम."

सालमीन आत होती. मी दुसरा चहा ओतत होते. तो बोलता बोलता चमच्याने पेल्यावर वाजवू लागला. टिंग टिंग टिंग. टिंग टिंग. मग थांबून, खालच्या सुरात, एक. आणि बाकीचं नाकातल्या नाकात गुणगुणला.

ती तौफीकची धून होती.

ती रेडिओवर कधी लागली नाही. स्टेशनवर कधी पोचलाच नाही तो रेकॉर्डर.

माझा हात ओतत राहिला. पेला भरला, बशी भरली, मग मी किटली खाली ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं. चमचा ठेवला. सोन्याचा दात दिसला. "चांगली आहे ना?" म्हणाला. "जुनीपेक्षा चांगली आहे."

२२ मे

तौफीक नाही. सालमीनला सांगितलं नाही. कसं सांगू? ती स्वयंपाकघरात उद्यासाठी खजूर कुटते आहे. तोंडाने दुवा चालू आहे, त्या माणसासाठी. मी दारात उभी राहिले आणि परत फिरले. तिला आशा असू दे ईदपर्यंत. मग सांगेन.

२३ मे

थाळा गेला.

२६ मे, रविवार

थाळा आला. सालमीन खोलीतून बराच वेळ बाहेर आली नाही. नमाज असेल.

पुलाजवळ तीन प्रेतं टाकली आहेत. कान नाहीत. लोक बाजूने जातात. मीही बाजूने गेले.

२९ मे

शेवटचा भाग लिहिला. एका बैठकीत, न खोडता.

कैसूम मरत नाही. कुणाची मांडी नाही, माफी नाही. पाण्याच्या रांगेत एक नळवाला म्हणतो, "भाऊ, रांग मागून आहे." कैसूम त्याच्या गळ्यात गोळी घालतो. मग मातीत पडलेला पाव उचलतो, फुंकर मारतो, ओठांना लावतो, कपाळाला लावतो, कठड्यावर ठेवतो. आणि चमच्याने पेल्यावर एक धून वाजवतो. टिंग टिंग टिंग. टिंग टिंग. एक. ती धून त्याने ज्याच्याकडून घेतली, त्याचं नाव निवेदक सांगतो. चंद्रावरचं नाव नाही. तौफीक.

शाकीर यांना वाचून दाखवला. ते पांढरे पडले. म्हणाले, "बाई, ही गोष्ट नाही राहिली." मग म्हणाले, "मी बायकामुलांना सासरवाडीला पाठवतो. शनिवारी लावू. दोन-तीन दिवस आधीच मालिका संपवू."

मला मारतील. मारू देत. सत्तरीला आले. तौफीकला कबर नाही, निदान नाव तरी हवेत राहील. सालमीनलाही ते रेडिओच सांगेल, माझ्याने होत नाही.

१ जून, शनिवार

लागला. सगळ्या गल्लीत एकाच वेळी रेडिओ चालू होते. 'कठड्यावर ठेवला' या शब्दांना चमचे थांबले. भिंतीपलीकडून मिलादच्या बापाचा आवाज आला, एकदाच, हुंदक्यासारखा.

सालमीन जेवता जेवता ऐकत होती. नाव आलं तेव्हा ती उठली नाही, रडली नाही. माझ्याकडे पाहत म्हणाली, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"एकवीस तारखेपासून. तुला कसं सांगणार होते मी?"

"एक दिवस," ती म्हणाली. "फक्त एक दिवस थांबली असतीस, मबरूका."

मला कळलं नाही. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

२ जून, रविवार

सकाळी थाळा आला. सालमीनने गादीखालून गाठोडं काढलं आणि माझ्यापुढे सोडलं. पहिल्याच थाळ्यात चिठ्ठी होती: दर रविवारी एक वस्तू. अब्लाला कळलं तर बंद. ईदच्या आधीच्या रविवारी पुरलेल्या जागेचा कागद.

तिच्या सांगण्यावरून नोंद, थाळ्यातून हाती आलेल्या वस्तूंची:

७ एप्रिल — चष्म्याची डावी काडी. खजुरांखाली.
१४ एप्रिल — उजवी काडी.
२१ एप्रिल — एक भिंग.
२८ एप्रिल — दुसरं भिंग, तडकलेलं.
५ मे — घराची किल्ली.
१२ मे — शर्टाचा खिसा, रक्ताने कडक झालेला.
१९ मे — दाढ, चांदी भरलेली.
२६ मे — रेकॉर्डर. धून शाबूत.
२ जून — थाळा. धुतलेला, पुसलेला. रिकामा.